पांढऱ्या गाडीचं पिवळट दार

आमच्या घरात कुणी कुणाचं कौतुक करत नसे. प्रेम नव्हतं अशातला भाग नाही, पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती. आईची पुरणपोळी खाऊन बाबा म्हणायचे, "खाण्यासारखी झालीय." ही सर्वांत वरची श्रेणी. त्याखाली "चालेल", आणि त्याच्याही खाली म्हणजे काहीच न बोलता पाण्याचा तांब्या पुढे ओढणं. मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात घोळवत त्यांनी विचारलं होतं, "बस येते का न्यायला?" येते म्हटल्यावर म्हणाले, "मग बरंय." ते 'बरंय' मी पुढे कितीतरी दिवस मिरवलं. बाहेरच्या कुणी कौतुक केलं तर आम्हाला संशय यायचा. गणपतीत एखादी पाहुणी "मोदक अप्रतिम झालेत हं" म्हणून गेली की दार लावता लावता आई पुटपुटायची, "काय हवं असेल गं हिला?"

बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला भाग मोजायचा, उजेडात धरून फिरवून बघायचा आणि पास किंवा नापास ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणसांनाही ते तसंच फिरवून बघत. नव्वदच्या दशकात कारखान्यात नवी यंत्रं आली, मोजमाप यंत्रंच करू लागली आणि एक दिवस व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद आला. तेव्हा हा शब्द भाजीच्या गाडीवरसुद्धा ऐकू यायचा. निरोपाच्या दिवशी बाबांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि साहेबांनी त्यांच्यावर लांबलचक भाषण केलं. घरी येऊन शाल फ्रिजवर टाकत बाबा म्हणाले, "माणसाला काढायचं असलं की फार छान बोलतात."

व्हीआरएसच्या पैशातून आमची पहिली मोटार आली. पांढरी, लहानशी. पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी. 'गाडी काढ' म्हटलं की स्कूटरच निघायची. म्हणून हिला आम्ही 'मोठी गाडी' म्हणू लागलो. आकार विचाराल तर ती कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा लहानच होती. बाबा ती रोज सकाळी पुसायचे आणि दुसऱ्या कुणालाही चालवू द्यायचे नाहीत. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्यानं एकदा किल्लीला हात लावला, तर बाबा म्हणाले, "आधी स्वतःची सायकल पुस."

नोकरी सुटल्यावर बाबा घरात मावेनासे झाले. आधी ते आईच्या स्वयंपाकघराची तपासणी करू लागले. मग धुण्यावर घसरले. "हे पांढरे शर्ट आहेत? पिवळे दिसतायत सगळे." आईनं नीळ वाढवली. तरी पिवळेच. आईनं हट्टाला पेटून इतकी नीळ घातली की माझा भाऊ आकाशी बनियन घालून कॉलेजला जायला लागला, आणि बाबांचं म्हणणं काही बदलेना. दोघांची त्यावरून रोज जुंपायची. त्यातच एका दुपारी बाबांच्या छातीत कळ आली.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. बाबा आत शर्टाची बटणं लावत होते तेव्हा डॉक्टरांनी आईला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. गॅस आहे हा. पण नोकरी सुटलेली माणसं मनाला फार लावून घेतात. त्यांना टेन्शन देऊ नका." आईनं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून घेतलं. त्या दिवसापासून नीळ, शर्ट, पिवळं, पांढरं, सगळ्याला ती "हो" म्हणायला लागली. आम्हा दोघांनाही तिनं बजावलं, बाबांना उलट बोलायचं नाही. त्यांच्या छातीत पुन्हा कळ यायला नको, एवढीच एक गोष्ट मग त्या घरात महत्त्वाची राहिली.

ओरखडा पडला तो यानंतर थोड्याच दिवसांत. सोसायटीच्या गेटमधून गाडी आत घेताना डाव्या बाजूचं मागचं दार गेटच्या कडीला घासलं. हातभर लांब ओरखडा. बाबा उतरले, गेटकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "गेट पुढे आलंय." एरवी यावर आईनं त्यांना जेवणाच्या वेळेपर्यंत धारेवर धरलं असतं. आता ती म्हणाली, "हो, आलंय खरं."

गॅरेजवाला म्हणाला, दार पूर्ण रंगवावं लागेल. बाबा परत आले ते तणतणतच. "एका रेघेसाठी अख्खं दार? घरी होतं हे." घरी होतं हे, हा आमच्याकडचा मोठा मंत्र. घरी गाद्या पिंजल्या जात, घरी केस कापले जात, भावाच्या केसांवरून ते कळायचंही. पण कितीतरी महिन्यांनी बाबांच्या आवाजात कारखान्यातला सूर ऐकला आणि आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

तो शनिवार-रविवार मला अजून आवडतो. बाबांनी कारखान्याचा निळा शर्ट चढवला. पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. साबणाच्या पाण्यानं दार धुतलं, ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ते गोल न फिरवता एकाच दिशेनं घासत राहिले. मी मगनं पाणी सोडायला. खरवडल्याचं दुधट पाणी फरशीवरून ओघळत जिन्याकडे निघालं की भाऊ फडक्यानं ते अडवायचा. ओरखड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती वाळेपर्यंत आई चहा घेऊन खाली आली, आणि आम्ही चौघं गोणपाटावर बसून चहा प्यायलो. घर सोडून असं खाली, गाड्यांच्या मध्ये, आम्ही कधी बसलो नव्हतो. थिनरच्या वासानं डोकं हलकं झालं होतं. बाबा कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते आणि मध्येच बोटाचं नख दारावरून फिरवून लांबी समपातळीत आली का बघत होते. मला तेव्हाच कळलं होतं की आपण सुखात आहोत. असं त्याच वेळी क्वचितच कळतं.

रंग बाबांनी आधीच नाना पेठेतून आणला होता. दुकानदारानं गाडीचा पांढरा बरोबर जुळवून दिला होता. पण बाबांना तो पटेना. "हा नवा पांढरा. आपली गाडी उन्हात उभी राहून पिवळी पडलीय. ठिगळ लावल्यासारखं दिसेल." म्हणून त्यांनी दुकानदाराकडून पिवळ्या रंगाची एक डबीही घेतली होती. आता पत्र्याच्या झाकणात ते थेंब थेंब पिवळा मिसळत होते, काडीनं ढवळत होते, दारापाशी धरून बघत होते. पार्किंगमध्ये उजेड बेताचा. माझ्या जुन्या कंपासपेटीतल्या ब्रशनं त्यांनी रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात पातळ, मध्ये वाळू देत. ब्रशची एक खूण राहिली नाही. हात अजिबात थरथरला नाही. शेवटचा हात वाळल्यावर त्यांनी कागद सोलून काढले, गाडी बाहेर उन्हात आणून उभी केली आणि आमच्याकडे वळले.

पांढऱ्याशुभ्र दारावर कुणीतरी आम्रखंडाचा हात पुसल्यासारखा पट्टा उमटला होता. गुळगुळीत, सरळ, सुरेख आणि पिवळा. भावानं तोंड उघडलं. आईनं त्याच्या पायावर पाय दिला.

"जमलंय ना?" बाबा म्हणाले.

"छान झालंय," आई म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबांनीही. ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्या दिवसांत आमच्या कंपनीत अमेरिकेतल्या साहेबाशी रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं आणि तो प्रत्येक गोष्टीला फॅन्टॅस्टिक म्हणायचा, चुकलेल्या गोष्टीलासुद्धा. तीच सवय माझ्या जिभेवर बसली असावी. "फॅन्टॅस्टिक, बाबा," मी म्हणाले. भाऊ म्हणाला, "कळतच नाही कुठे ओरखडा होता ते." ते खरंच होतं म्हणा. ओरखडा दिसत नव्हता.

बाबांनी ब्रश थिनरमध्ये धुतला. सामान गोळा करून वर गेले.

प्रश्न होता शेजारच्या काकांचा. ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि त्यांच्या तिरकस बोलण्याला सगळी सोसायटी टरकून असायची. आई संध्याकाळी त्यांच्याकडे डबा घेऊन गेली आणि परिस्थिती समजावून आली. दुसऱ्या दिवशी काका पार्किंगमध्ये बाबांसमोर त्या दाराशी उभे राहिले. त्यांच्या गळ्यात शब्द वरखाली होताना मला बाल्कनीतून दिसत होते. शेवटी ते म्हणाले, "वा." आणि पटापट जिना चढून गेले. त्यांना त्याचा एवढा त्रास झाला की संध्याकाळी त्यांनी पेपरवाल्याला उभं करून अर्धा तास झापलं.

पुढचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यांत गोड वर्ष. मी मुद्दाम गोड म्हणतेय, कारण आम्ही ठरवून गोड बोलत होतो, आणि त्याचा परिणाम दिसत होता. बाबा शांत झाले. शर्टांबद्दल बोलेनासे झाले. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, धायरीत राहायचे. धायरी खेडं होती तेव्हा त्यांनी तिथे घर बांधलं होतं आणि आमच्या फ्लॅटला ते खुराडं म्हणाले, यावरून दोघं भाऊ कित्येक वर्षं बोलत नव्हते. एका रविवारी बाबा स्वतःहून जिलबी घेऊन धायरीला गेले. काकू नंतर फोनवर सांगत होत्या, "भावजी आले, बसले, आणि म्हणाले, तुझ्या घराला हवा चांगली आहे." आईनं फोन ठेवला आणि आमच्याकडे विजयानं बघितलं. "बघा. गोड बोललं की माणूस बदलतो."

आणि ज्या बाबांनी किल्लीला कुणाला हात लावू दिला नव्हता, त्यांनी आईला गाडी शिकवायला काढली.

रविवारी सकाळी ते दोघं नदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर जायचे. मी कधीकधी मागे बसायचे. आई साडीच्या निऱ्या एका बाजूला खोचून, चप्पल काढून, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. "क्लच! क्लच दाब. अगं डावा पाय!" "दाबलाय ना!" "तो ब्रेक आहे!" गाडी आचके देत थांबायची. गाडीपुरतं मात्र गोड बोलणं बंद होतं आणि खरं सांगायचं तर मला तेच ऐकायला बरं वाटायचं. एकदा आई वैतागून म्हणाली, "या वयात शिकून करू काय मी? तुम्ही आहात की." बाबा समोर बघत म्हणाले, "गिअर बदल." पण ते तिला शिकवत राहिले. चढावर कशी थांबवायची, पंक्चर झालं तर कोणता नट आधी सैल करायचा, पेट्रोल भरताना काटा शून्यावर आहे का ते बघायचं. आईला लायसन्स मिळालं त्या दिवशी ते म्हणाले, "येते हिला." आई दिवसभर गुणगुणत होती.

मग बाबांना बसचा नंबर दिसेनासा झाला. डेक्कनला जायचं म्हणून बसले आणि कात्रजला पोहोचले. चष्मेवाल्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला जुना. डॉक्टर हसत म्हणाले, "काका, तुम्हाला सगळं जग पिवळं दिसत असणार. पांढरा आणि पिवळट यांत फरकच कळत नसेल." आई, भाऊ आणि मी, तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शर्ट, नीळ, रंगाची डबी, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात आमची बैठक भरली. पट्टी सुटली की बाबांना तो पट्टा दिसणार. आपण केलेलं काम आपल्या पोरांनी, बायकोनं, शेजाऱ्यानं हसू दाबून पास केलं, हे त्या तपासणी विभागातल्या माणसाला कळणार. पुन्हा छातीत कळ आली म्हणजे? भाऊ म्हणाला, गाडी गुपचूप गॅरेजला टाकू. पण आईनं ठरवलं होतं की बाबांना दवाखान्यात तीच नेणार आणि तीच आणणार, त्यामुळे गाडी हवीच होती. "दोन-तीन दिवस त्यांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही," ती म्हणाली. बाकी आमच्याकडे काही योजना नव्हती.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक रोडजवळच्या त्या दवाखान्यात पट्टी सोडली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, डोळ्याला हात लावायचा नाही, चोळायचा नाही, म्हणून बजावलं. आम्ही बाबांना घेऊन बाहेर आलो. गाडी नेमकी डावी बाजू आमच्याकडे करून भर उन्हात उभी होती.

आई पुढे होऊन दाराच्या आड उभी राहायला गेली, पण आई तशी किरकोळ अंगाची. बाबा थांबले. त्यांनी काळा चष्मा जरासा वर केला. उजव्या डोळ्यावर तळहात धरून बघितलं. मग डाव्या डोळ्यापुढे, न टेकवता, हात धरून बघितलं. पुन्हा उजव्या. असं कितीतरी वेळ चाललं होतं. रस्त्यावरून जाणारे लोक वळून बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "हा रंग असाच होता?"

आई पर्समध्ये किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

"नंतर पिवळा पडला, की पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"तुम्हाला दिसत होता?"

"न दिसायला काय झालं?" आई हळूच म्हणाली.

"मग छान का म्हणालात?"

"डॉक्टर म्हणाले होते, टेन्शन देऊ नका म्हणून. छातीत दुखलं होतं ना तुमच्या."

"आणि?"

"आणि काय?"

"आणखी काय म्हणाले ते? तुम्हाला बाहेर घेऊन बोलत होते. मी आतून काचेतून बघितलंय."

"अहो, तेच. गॅस आहे, आणि टेन्शन देऊ नका. दुसरं काहीसुद्धा नाही."

"खरं सांग."

"तुमची शपथ."

बाबांनी एक हात गाडीच्या टपावर ठेवला. बस उशिरा आली हे सांगावं अशा आवाजात ते म्हणाले, "मला वाटलं, माझं काही खरं नाही आता. तू छान म्हणालीस. ही फॅन्टॅस्टिक म्हणाली. हे कार्टंसुद्धा कौतुक करून बसलं. समोरचा काका वा म्हणाला, तो! म्हटलं, यांना सगळ्यांना सांगितलेलं दिसतंय, फक्त मला सांगत नाहीत. म्हटलं, नसेल सांगवत. आपणही विचारायचं नाही."

मला धायरीची जिलबी आठवली. आई मात्र दुसऱ्याच गोष्टीशी जाऊन पोहोचली होती.

"म्हणून मला गाडी शिकवलीत?"

"मग काय करणार? ही दोघं आज ना उद्या अमेरिकेला जाणार. तुला दवाखान्यात, बँकेत नेणार कोण?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. एक अख्खं वर्ष हा माणूस तिच्या शेजारी झोपत होता, जेवत होता, क्लच दाब म्हणून ओरडत होता, आणि मनातून निघायची तयारी करत होता. मला वाटलं ती रडणार. पण तिला राग आला, असा राग आला की तिनं भर रस्त्यात गाडीच्या दारावर थाप मारली.

"भिकार दिसतोय हा पट्टा!" ती ओरडली. "कळलं? वर्षभर मला लाज वाटते या गाडीत बसायची. बाळानं घाण केल्यासारखं दार आहे हे! डोळ्यांना दिसत नव्हतं तर विचारायचं होतं कुणाला. पिवळा कशाला घातलात? दुकानदारानं चांगला पांढरा दिला होता, त्याला अक्कल नव्हती आणि सगळी अक्कल तुम्हाला!"

"माझ्या बसमधल्या मुली विचारतात," मी म्हणाले, "तुमच्या गाडीला कावीळ झालीय का म्हणून."

"माझे मित्र त्याला वरणभात म्हणतात," भाऊ म्हणाला. "पांढऱ्यावर वरण."

"आणि ते गेट," आई म्हणाली, "ते गेट कुठेही पुढे आलेलं नाही! बांधल्यापासून तिथेच आहे ते!"

मग तिचा आवाज फुटला आणि ती गप्प झाली. बाबा गाडीला टेकून उभे होते. काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. डोळा पुसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून त्यांनी ते तसंच गालावरून ओघळू दिलं.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "बोल ना अजून."